दोन विस्तव

त्किबुलीत आज तांबडा शुक्रवार.
मंजिष्ठेची मुळं उकळतायत, पातेल्यात अकरा अंडी.
बारावं तडकलं, ते मी उभ्या उभ्या खाल्लं.
उपास मोडला. देव बघत असेल तर बघू दे.
खिडकीत बशीभर गहू उगवलाय, बोटभर उंच,
आणि बाबा, डोळ्यांत मोतीबिंदू,
छातीत अजून खाणीची भुकटी,
म्हणतात, "त्सिउरी, वाच. अंगणापासून वाच."

मी वाचते.
रात्र. गारठा. महायाजकाच्या घराचं अंगण.
नोकरांनी कोळसे पेटवलेत,
मासेमार त्यांच्यात मिसळून हात शेकतोय.
तू त्याच्यातलाच ना? नाही.
तू होतास ना त्याच्याबरोबर? मी नव्हे.
तिसऱ्यांदा बाबा विचारूच देत नाहीत.
"थांब. कोळसे कसले? दगडी की लाकडी?"
लिहिलेलं नाही, बाबा.
"लाकडीच असणार. तिकडे कुठली खाण."
मग बराच वेळ नुसती श्वासाची खरखर.

ते कुठं गेलेत, मला माहीत आहे.
खाणीच्या कचेरीत शेगडी होती. फेब्रुवारी होता.
टेबलापलीकडं तीन साहेब, कागद, शाई.
खाली वायू साठतोय, हे इलारिओननं
स्फोटाच्या आठवडाभर आधी लिहून दिलं होतं.
सही केली तेव्हा कंदील बाबांनी धरला होता.
बाबा म्हणाले, मी त्याच्या पाळीत नव्हतो.
म्हणाले, असा कागद मी पाहिला नाही.
म्हणाले, तशी आमची ओळख बेताचीच.
इलारिओन माझा धर्मपिता.
बाप्तिस्म्याच्या पाण्यातून मला त्यानंच उचलून घेतलं होतं.
कोंबडा आरवला नाही. पाळीचा भोंगा झाला तेवढा.
दोष मेलेल्याच्या नावावर चढला,
पेलागियाची पेन्शन बुडाली,
आणि आमच्या घरात त्या हिवाळ्यात
कोळसा कमी पडला नाही.

"आता तळ्याकाठचं वाच."
रात्रभर जाळं रिकामं. पहाट.
काठावर कुणीतरी उभा, ओळखू न येणारा,
हाक मारून विचारतो, पोरांनो, खायला काही आहे का?
मग ती उडी, अंगावरच्या कपड्यांनिशी,
आणि वाळूवर आधीच फुललेले निखारे,
वर मासा, बाजूला भाकर.

बाबा उठून बसले.
"पुन्हा कोळसेच?"
पुन्हा कोळसेच.
"काटक्या पेटवता आल्या असत्या त्याला."
आल्या असत्या.
"मग मुद्दाम केलं. नाकाला विसर पडत नाही, पोरी.
त्याच वासापाशी आणून बसवलं त्याला."
दाढी खाजवत राहिले.
"आधी खाऊ घातलं. मग विचारलं."
आणि विचारलं तेही, का केलंस, असं नाही.
हे मी म्हणाले नाही. त्यांना पाठ होतं.

रविवारी अंड्यावर अंडं आपटलं.
ख्रिस्त उठला. खरोखर उठला.
सोमवारी सगळा गाव लाल अंडी घेऊन
आपापल्या थडग्यांकडे निघाला,
बाबांनी मात्र माझी बाही उलट्या दिशेला ओढली.
पाचमजली चाळीवजा इमारत, लिफ्ट कधीची मेलेली.
चौथ्या मजल्यापर्यंत सात वेळा थांबलो.
एकतीस वर्षं, आणि हे चार जिने.

पेलागियानं दार उघडलं.
आधी माझ्याकडं पाहिलं, मग खाली त्यांच्या बुटांकडं.
आतून शेगडीचा वास आला.
बाबांच्या नाकपुड्या हलल्या, मला दिसलं.
खिशातलं अंडं हातात आलं, शब्द आला नाही;
आला तो खोकला.
ती म्हणाली, "बस."
ते तसेच उभे. पुन्हा म्हणाली, "बस."
"पेलागिया, मी त्या दिवशी…"
"वार्लाम, बस म्हणते ना," ती तिसऱ्यांदा म्हणाली,
आणि पाठ वळवून निखारे सारखे करता करता,
"सकाळपासून काही खाल्लंयस का?"